होडीच्या मिशा

आज इथे गोव्यात, बोटींच्या कारखान्यात रेझिनचा डबा उघडला आणि त्या उग्र वासासरशी मी मुक्ताईनगरला तापीकाठी जाऊन उभा राहिलो. आठवीतच शाळा सुटलेल्या मला, फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या रहीमचाचांनी कामाला घेतलं होतं. नदीत होडी चालवणाऱ्या नानांची मोटारहोडी वेगात निघाली की पाणी उसळून आत येई. म्हणून ती पिंपांवर पालथी घालून, पाणी बाहेर फेकणाऱ्या लांब पट्ट्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या होत्या.

“होडीले मिशा कायले लावता रे?” नानांची बायको, अक्का, हसली.

एक पट्टी बसली. दुसरीच्या वेळी ऊन चढलं आणि डबा हातात तापू लागला. रेझिन आता भराभर घट्ट होणार होतं, आणि दुसरा डबा नव्हता. पट्टी वाकडी बसली तर चाचा मला कायमचं घरी पाठवतील, एवढंच डोक्यात होतं. एक टोक चाचांनी दाबलं, दुसरं मी. तेवढ्यात ती मधोमध घसरू लागली.

“अक्का, धरा!”

अक्का धावत आली आणि पट्टीला पाठ टेकवून उभी राहिली. तळव्यांना चटके बसत होते.

“छोड बेटा, पकडलं रेझिननं,” चाचा म्हणाले. माझी बोटं सुटेनात. अक्काचं लुगडंही चिकटलं होतं.

“आता माहं लुगडंबी लावता का होडीले?”

इथे पट्ट्या दाबायला शिकंजे आहेत. तरी मी टोक हातानेही दाबून धरतो. पण आता वाटतं, चाचांनी ते टोक माझ्या हाती दिलं, तेव्हाच त्यांनी मला ठेवून घेतलं होतं.