गांगुर्डे सर आणि उत्तर न दिलेली पहिली ओळ

श्री. पुंडलिकराव गांगुर्डे सरांची आणि माझी पहिली ओळख टपालाने झाली, आणि तीत माझी बरीच शोभा झाली. तेव्हा मी नाशिकच्या आमच्या विद्यापीठात निधी संकलन कक्षात नुकताच रुजू झालो होतो. शिक्षण संस्कृत एम.ए., अनुभव पत्रव्यवहार शाखेतला. ज्याला समास सोडवता येतात त्याला दात्यांच्या थैल्याही सोडवता येतील, असा वरिष्ठांचा कयास असावा.

सर उपकुलसचिव पदावरून निवृत्त झाले होते आणि आमच्यासारख्या प्रशासकीय व निधी संकलनाच्या कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणे घेत असत. त्यांचा एक नियम होता. प्रशिक्षणाला येण्याआधी प्रत्येकाने स्वतः लिहिलेले एक पत्र, आणि ते ज्याच्या उत्तरादाखल लिहिले ते मूळ पत्र, अशी जोडी त्यांच्याकडे पाठवायची. मी माझे सर्वोत्तम पत्र निवडले. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर श्री. एकनाथ सोनवणे यांना ते लिहिलेले होते. त्यात दानाची महती होती, विद्यादानाची त्याहून मोठी महती होती, दोन श्लोकार्ध होते आणि शेवटी देणगीचा अर्ज होता: वर्गखोली, बाक की वृक्ष, योग्य तिथे खूण करावी.

आठवड्याने जोडी परत आली. समासात पेन्सिलीने एकच प्रश्न होता: 'ह्यांनी तुम्हाला काय विचारलं होतं?'

मला प्रश्नच कळेना. मी सोनवण्यांचे पत्र पुन्हा काढले. ते दोन ओळींचे होते. दुसऱ्या ओळीत मुलीच्या नावाने विद्यापीठाला काहीतरी द्यायचे मनात आहे, असे होते. ती मला पाठ होती. पहिल्या ओळीत होते की मुलगी अश्विनी बी.एस्सी. झाली, निकालानंतर महिनाभरात तापाने गेली, तिचे पदवी प्रमाणपत्र न्यायचे राहिले आहे, ते कसे मिळेल. ही ओळ मी वाचली नव्हती असे नाही. ती दुसऱ्या शाखेची होती, एवढेच.

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी दात्यांचे वर्गीकरण, मसुदालेखन असे काही असेल म्हणून मी कोरी वही घेऊन गेलो. सरांनी सगळ्यांना आपापल्या मूळ पत्राच्या धन्याकडे जायला सांगितले. मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमच्याबरोबर मी येतो. तुम्ही एकटे गेलात तर त्यांना श्लोक ऐकवाल." मी शास्त्री नाही, आडनावानेही नाही. पण सरांनी एकदा बारसे केले की नाव बदलत नाही.

वाटेत त्यांनी बजावले की देणगीचा विषय काढायचा नाही. मी निधी संकलनाच्या प्रशिक्षणाला आलो होतो, कार्यालयाच्या वेळेत, प्रवासभत्त्यावर. निधी न मागण्याचे प्रशिक्षण मला कोणत्याच शास्त्रात आढळले नव्हते.

ओझरला सोनवण्यांच्या घरी आम्ही दोन तास होतो. सरांनी पहिला तास लेथ मशीनच्या गप्पांत घालवला. मग अश्विनीविषयी विचारू लागले: कुठल्या बसने यायची, डबा कोण करायचं, कोणता विषय अवघड जायचा. मला संकोच वाटत होता. दुःखी माणसांना असे विचारू नये, असे माझे मत. सोनवणेभाऊ आधी तुटक बोलले, मग आत जाऊन त्यांनी मुलीच्या प्रयोगवह्या आणल्या. लीलावहिनी इतका वेळ आतल्या दारात होत्या, त्या येऊन सरांच्या समोर बसल्या. त्यांना काचबिंदू होता. एक डोळा गेला होता, दुसऱ्याचे डॉक्टरांनी काही खात्रीने सांगितले नव्हते.

"दोनदा जाऊन आलो सायेब," सोनवणेभाऊ म्हणाले. "खिडकीवर म्हणत्यात, पोरीला घेऊन या. आता कुठून आणू?"

वहिनींनी एवढेच म्हटले, "मला दिसतंय तोवर तिचं नाव छापलेलं बघायचंय. नंतर आणून काय उपेग नाय."

सरांनी तिथेच माझ्याकडून अर्ज भरून घेतला. सोनवणेभाऊंच्या सहीचे अधिकारपत्र, मृत्यूचा दाखला, सगळे जोडले, आणि दुसऱ्या दिवशी मला आमच्याच विद्यापीठाच्या प्रमाणपत्र खिडकीपुढे रांगेत उभे केले. ओळखपत्र खिशात ठेवायचे, मधल्या दाराने जायचे नाही. माझ्यापुढे हरसूलची एक शिक्षिका होती. ती म्हणाली, ही रांग लवकर सरकते, फक्त खिडकी लवकर बंद होते.

माझा नंबर लागला. आतल्या बोरसेबाईंनी मला बघून कपाळाला हात लावला. अर्ज वाचला आणि शांतपणे नकार दिला. विद्यार्थ्याने स्वतः उपस्थित राहून स्वाक्षरी केल्याखेरीज प्रमाणपत्र कोणत्याही परिस्थितीत देण्यात येणार नाही, असे परिपत्रक आहे म्हणाल्या. मी म्हटले, विद्यार्थिनी हयात नाही. त्या म्हणाल्या, "सर, परिपत्रकात तसं कुठं लिहिलंय? आणि ते तुमचंच आहे. खाली तुमचीच आद्याक्षरं आहेत."

खरेच होती. पत्रव्यवहार शाखेत असताना 'कोणत्याही परिस्थितीत' हे शब्द मी मोठ्या समाधानाने घातले होते, वाक्याला वजन यावे म्हणून. मागे रांगेत कुणीतरी हसले. सर बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत होते. मी जाऊन सांगितले. त्यांना आश्चर्य वाटले नाही, आनंदही झालेला दिसला नाही. त्यांनी कुलसचिवांसाठी टिपण लिहायला सांगितले, चार ओळींत.

चार ओळी लिहायला मला दुपार गेली. पहिल्या मसुद्यात 'दिवंगत विद्यार्थिनीच्या शोकसंतप्त मातापित्यांच्या भावना विचारात घेता' होते. सरांनी ते परत दिले. दुसऱ्यात शोक कमी केला, 'उपरोक्त' वाढले. तेही परत. तिसऱ्याला त्यांनी फक्त नकारार्थी मान हलवली. शेवटी वैतागून मी लिहिले: मुलगी वारली आहे. ती सहीला येऊ शकत नाही. आईची दृष्टी जात आहे, तिला प्रमाणपत्र बघायचे आहे. वडिलांच्या सहीने द्यावे. सरांनी वाचले आणि म्हणाले, "हे घेऊन पळा, पाचला साहेब उठतात."

कुलसचिवांनी उभ्या उभ्या सही केली. प्रमाणपत्र छापून यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत सर मला रोज सकाळी फोन करून विचारत, आणि मी रोज छपाई विभागात जाऊन उभा राहत असे. हा प्रशिक्षणाचा भाग आहे का, असे मी एकदा विचारले. सर म्हणाले, "मला नाही माहीत. तुम्ही जाऊन आलात का?"

दहाव्या दिवशी आम्ही ओझरला गेलो. वहिनींनी प्रमाणपत्र खिडकीजवळ नेले, चांगल्या डोळ्याच्या अगदी जवळ धरले आणि नाव वाचले. मग विद्यापीठाचे नाव, वर्ग, खाली कुलगुरूंची सही, सगळे सावकाश वाचले. सर उठून उभे राहिले होते. का, ते मला कळले नाही. मीही उभा राहिलो.

अहवालात मी 'प्रशिक्षण काळात संकलित निधी: निरंक' असे लिहिले. काही महिन्यांनी मात्र सोनवणेभाऊ आपली हत्यारांची पेटी घेऊन वाचनकक्षात हजर झाले आणि डुगडुगणाऱ्या खुर्च्या घट्ट करून गेले. ते अजून दर महिन्याला येतात. ही देणगी कोणत्या रकान्यात घ्यावी याबद्दल मी लेखा विभागाला तीन पत्रे पाठवली आहेत. परिपत्रकही बदलले, नव्या मसुद्यात कुटुंबीयांचा उल्लेख आहे आणि एकही विशेषण नाही. बोरसेबाई म्हणतात की ते पहिल्या वाचनात कळते, त्यामुळे त्यांना ते बनावट वाटले होते.

सरांचे माझ्यावर खाजगी उपकारही आहेत. माझे वडील रुग्णालयात होते तेव्हा सर सलग चार संध्याकाळी येऊन बाहेर बसत. धीर देत नसत, चौकशी करत नसत. मला जेवायला पाठवत आणि माझ्या खुर्चीवर बसत. अशा वेळी काय बोलावे हे त्यांना सुचत नसेल, असा माझा बरेच दिवस समज होता.

आता सरांना पंचाहत्तरावे वर्ष लागले आहे आणि गौरवसमितीने मला 'सरांनी काय शिकवले' यावर लिहायला सांगितले आहे. मी प्रामाणिकपणे ती वही शोधली. ती कोरी आहे. त्यांनी प्रशासन शिकवले की निधी संकलन, की तिसरेच काही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. आमच्या तुकडीतल्या इतरांना विचारले, त्यांनाही नाही. तरी आम्ही सगळे एकमेकांची पत्रे उघडली की आधी मूळ पत्र मागतो.

शेवटी, लेखाला काही सांगता हवी म्हणून मागच्या आठवड्यात मी ओझरला गेलो. लीलावहिनींना आता दिसत नाही. सर अजून दर दोन-तीन महिन्यांनी त्यांच्याकडे जातात, हे मला तिथेच कळले. सरांनी कधी सांगितले नव्हते. सरांच्या पंचाहत्तरीसाठी काही निरोप आहे का, असे मी विचारले. वहिनी म्हणाल्या, "सरांना म्हणावं, तब्येतीला जपा. ते आले म्हंजी या घरात अश्विनीचं नाव निघतं. बाकी कोणी काढीत नाय, आम्हाला वाईट वाटंल म्हणून."

सरांना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो. आमच्यासाठी तर हवेच, पण त्यांना अजून पुष्कळदा ओझरला जायचे आहे.