बादशहाच्या बहिणीची स्लाइड

फोन मीच उचलला. मंगळवारची सकाळ होती, माझी भावजय सुनंदा ग्रोसरीला गेली होती आणि मी ओट्याशी शेंगा मोडत बसले होते. पलीकडून कोणी बाई भराभर इंग्रजी बोलत होती. त्यातलं मला विनायकचं नाव कळलं आणि 'सॉरी' कळलं. मी म्हटलं, "ही इज ऑफिस." ती जरा थांबली, पुन्हा सॉरी म्हणाली. मी फोन ठेवला आणि राहिलेल्या शेंगा घेतल्या. अर्ध्या तासानं सुनंदा आली, तिला सांगितलं, तिनं ऑफिसला फोन लावला आणि ओट्याला धरून ती खाली बसली. माझा धाकटा भाऊ टेबलाशी बसल्या बसल्या गेला होता. हार्ट. ज्या बाईनं मला ते सांगितलं तिला मी धड 'काय झालं' असंही विचारू शकले नव्हते... याला आता पाच आठवडे झाले, आणि मी अजून इथं अमेरिकेत, नोव्हायला त्याच्याच घरी आहे.

विनायक मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, पण त्याचा जीव इतिहासात. त्यातही एकाच माणसात, सेप्टिमियस सेव्हेरस नावाच्या रोमन बादशहात. घरात सगळे त्याला नुसतं 'बादशहा' म्हणत, पाव्हण्यासारखं. हा बादशहा रोमचा नव्हे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या लेप्टिस गावचा. शिकला, रोमला गेला, चढत चढत गादीवर बसला. पुढं आपल्या गावात त्यानं चौक बांधले, बंदर बांधलं. रोममध्ये त्याची कमान अजून उभी आहे म्हणतात. मेला मात्र तिकडं दूर, इंग्लंडच्या थंडीत. आणि एवढं सगळं होऊनही बोलताना गावाकडची लकब त्याच्या जिभेवरून शेवटपर्यंत गेली नाही. हे सांगताना विनायक हसायचा. आमच्या वऱ्हाडातल्या दर्यापूरच्या पोराला हा बादशहा का आवडला असेल, ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात मी इथं पहिल्यांदा आले. सहा महिने राहायचं ठरलं होतं. इकडची मराठी मंडळी महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमतात, प्रत्येक घरचा एकेक पदार्थ, आणि जेवणानंतर कोणीतरी व्याख्यान देतं. त्या रविवारी पाळी आमच्याकडे होती. मी वाढायला उभी. एका डॉक्टरांच्या पानात दोनच पुऱ्या बघून म्हटलं, "काऊन जी, इतकंच घेऊन राहिले? पोटभर जेवा ना बाप्पा." बायका खुदखुदल्या. एक पुण्याची म्हणाली, "अय्या, किती गोड! ताई, पुन्हा म्हणा ना." मला वाटलं आवडलं असेल. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या विनायककडे लक्ष गेलं. त्याचे कान लाल झाले होते. पुण्यात चार वर्षं कॉलेज केलं होतं त्यानं. ही सगळी मंडळी त्याला पुण्याचाच समजत होती, आणि त्यानं तसं समजू दिलं होतं. पुस्तकी मराठी मला येत नव्हती थोडीच? तीस वर्षं शाळेत शिकवली मी. पण जेवायला वाढताना पुस्तकातलं कोण बोलतं?

चार दिवसांनी तो म्हणाला, "ताई, तुला इथे बोअर होतंय. तिकीट प्रीपोन केलंय." सोबत दोन बॅगा भरून दिल्या. साड्या, घड्याळ, मिक्सर. माझ्या मुलाच्या इथल्या ॲडमिशनचे कागदही त्यानं करून दिले. एअरपोर्टपर्यंत आम्ही दोघं हवेबद्दल बोललो. मीही काही कमी नाही. पुढची पाच वर्षं मी त्याला 'चिरंजीव विनायक यास अनेक आशीर्वाद' अशी शुद्ध पत्रं लिहिली, आणि फोनवरही बालभारतीसारखी बोलले. त्याला लागत होतं. मला ते कळत होतं, आणि मी मुद्दाम करत होते.

यंदा त्यानं तिकीट पाठवलं. परतीची तारीख ओपन ठेवलेली. म्हणाला, "ताई, पहिल्या रविवारी माझं व्याख्यान आहे, बादशहावर. तू यायलाच पाहिजेस." मी आले, पण बोलले तशीच, पुस्तकातलं. रविवारी बेसमेंटमध्ये दिवा मालवला, प्रोजेक्टर लावला, त्यानं मला पुढच्या खुर्चीत बसवलं. कमान झाली, लेप्टिसचे खांब झाले. मग तो थांबला, आणि एकदम आमच्या बोलीत बोलायला लागला. "या बादशहाची बहीण त्याले भेटाले रोमले आली. तिले धड लॅटिन येत नव्हतं. हा बादशहा चारचौघांत लाजला. तिच्या पोराले मोठेपण देल्लं, तिले भेटी देल्ल्या, अन् घरी धाडून देल्लं." बटण दाबलं. पडद्यावर मी. त्र्याऐंशीची, हातात पुऱ्यांचं ताट, तोंड बोलताना उघडं. "त्या बहिणीचं चित्र कोठीच भेटलं नाही, म्हणून हे लावलं. म्याही असंच केलं होतं."

कोणी हसलं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते. माझ्या तोंडून निघालं, "दिवा लाव ना रे विन्या, मले काही दिसून नाही राहिलं." त्यानं दिवा लावला. त्याचेही डोळे भरलेले होते.

त्यानंतर तो नऊ दिवस होता. नऊ दिवस आम्ही दोघं आमच्या भाषेत बोललो. भांडलोही. त्याची मुलगी मीनल वैतागून म्हणायची, "डॅड, आय कान्ट फॉलो यू गाइज." पाच वर्षांची पत्रं मी अशीच लिहिली असती तर, हे राहून राहून वाटतं. त्यानं मला एकदा परत धाडलं. मी त्याला पाच वर्षं दारातच उभं ठेवलं.

प्रोजेक्टर बेसमेंटमध्ये अजून तसाच मांडलेला आहे, सुनंदानं हलवला नाही. परतीची तारीखही ती विचारत नाही, आणि मी तिकिटावर टाकलेली नाही. दुपारी घर रिकामं असलं की मी खाली जाते, त्याच्या खुर्चीत बसते, बटण दाबते. कमान येते, खांब येतात, मग मी येते, ताट घेऊन, काहीतरी म्हणत असलेली. त्या दिवशी कॅमेऱ्यामागे विन्याच होता. मी बघत होते ते त्याच्याकडेच. "जेवला काय रे विन्या?" एवढं विचारते, दिवा लावते आणि वर येते.