सुधाचे हातमोजे

परवा शेजाऱ्यांनी झुडपांचं कुंपण छाटायचा हेज-कटर सुरू केला आणि लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या बागेत पेट्रोल-ऑइलचा निळसर धूर आला. नव्वदच्या दशकात, स्कॉटलंडमधल्या एका सकाळी, असाच वास माझ्या बायकोच्या, सुधाच्या, हातमोज्यांना येत होता.

आम्ही एका शेतावर उतरलो होतो. मालकाकडे मेंढ्यांना चारा न्यायची बावीस वर्षं जुनी स्नोमोबिल, म्हणजे बर्फावरून धावणारी स्कूटरच, होती. "ब्रेक तपासल्याशिवाय यावर बसायचं नाही," असं मी सुधाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

त्या सकाळी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, मी ब्रेक तपासले आणि परवानगी दिली. मग सात वेळा दोरी ओढली, तरी इंजिन ढिम्म.

"सरका जरा," म्हणत सुधाने चोक ओढला आणि एका झटक्यात ते सुरू केलं.

"तुला कसं जमलं?"

"नशीब माझं. बसा मागे."

वाट पूर्ण बर्फाखाली होती. तरी प्रत्येक वळण यायच्या आधीच ती त्या बाजूला झुकत होती. गार वाऱ्याने डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी तिच्या कमरेला मिठी मारून पुरावे मोजत होतो: निघण्याआधीच हातमोज्यांना येणारा तो वास, एका झटक्यात सुरू झालेलं इंजिन, आणि आता ही वळणं.

"सुधा, याआधी कितीदा बसलीस यावर?"

"अहो, घट्ट धरा!"

तेव्हा फसवल्याचा राग आला होता. आज वाटतं, ती थांबली असती तर माझी तपासणी संपेपर्यंत बर्फ वितळला असता.

परवा पुन्हा विचारलं. "काही आठवत नाही हो," म्हणाली.

तिची स्मरणशक्ती उत्तम आहे.