बेचाळीस नंबरचा सीन आणि आक्कांचं कुलूप

समस्त मराठी चित्रपटसृष्टी, तिचे हितचिंतक आणि फुकटचे सल्लागार यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सीन म्हणजे नेमकं काय, या प्रश्नाचा अंतिम निकाल मेढ्याजवळच्या एका अंगणात, सकाळी अकराच्या सुमारास, एका रुसलेल्या म्हशीच्या साक्षीने लागलेला आहे. यापुढे या विषयावर कोणी वाद घालू नये. घातल्यास गाठ आक्कांशी आहे.

निकाल लागला तेव्हा आक्का घराला कुलूप घालून पायरीवर बसल्या होत्या. किल्ली कनवटीला. समोर आमचं चाळीस माणसांचं युनिट, हातात चहाचे कागदी कप घेऊन, शाळा सुटायची वाट बघत असल्यासारखं उभं.

"आक्का, थोडंच काम राहिलंय," किरण म्हणाला. किरण आमचा असिस्टंट डायरेक्टर. कुठला सीन कधी, कुठे, कुणाला घेऊन करायचा, हे ठरवणं त्याचं काम.

"तुमी काय बोल्ला हुता? एक सीन. आंगनात. बोल्ला हुता का न्हाई?"

"हो, पण…"

"सकाळी पाटीवर बेचाळीस हुतं. आता त्रेचाळीस आलं. म्या चष्मा लावलाय."

पाटी म्हणजे क्लॅप. प्रत्येक शॉटच्या आधी कॅमेऱ्यापुढे आपटतात ती. तिच्यावर सीनचा नंबर असतो, म्हणजे पुढे एडिटरला कुठला तुकडा कुठे जोडायचा ते कळतं. तो नंबर इतक्या मनापासून वाचणारं माणूस मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. एडिटरसुद्धा नाही.

आक्कांचं चुकलं नव्हतं. आमच्या आधी शूटिंगची एक कंपनी येऊन "एकच सीन" म्हणाली आणि आठ दिवस राहिली. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात लाईटचे स्टँड रोवले. जनरेटरच्या आवाजाने म्हशीने पान्हा चोरला, तो पुढे पंधरा दिवस. आताही ती गोठ्यातून आमच्याकडे बघत होती. ओळख असल्यासारखी.

आता माझी बाजू. मी पटकथा लिहिते. राहते सांगलीला. आम्हा सांगलीकरांना नाटक जन्मजात कळतं, असा आमचा आम्हीच करून घेतलेला समज आहे, आणि मी तो मोडण्याचं काही कारण दिलेलं नाही. या शूटिंगच्या महिनाभर आधी मी सांगलीत 'पटकथेचे घटक' या विषयावर दोन दिवसांचं शिबिर घेतलं होतं. चौसष्ट स्लाइड्स. पलूसहून आलेले एक द्राक्ष बागायतदार शेवटी उठून म्हणाले, "मॅडम, सगळं समजलं. फक्त सीन संपला हे कसं कळतं, तेवढं सांगा." मी रुबाबात स्लाइड नंबर एकोणीस पुन्हा दाखवली. जागा बदलली किंवा वेळ बदलली की सीन बदलला. ते गृहस्थ मान डोलावून खाली बसले. समाधान झाल्यासारखे दिसले नाहीत.

स्लाइड खोटी नव्हती. शूटिंगचं गणित त्यावरच चालतं. अंगणातून स्वयंपाकघरात गेलात, नंबर बदलला. सकाळची संध्याकाळ झाली, नंबर बदलला. त्या हिशोबाने आक्कांच्या घरात माझे चार सीन होते. बेचाळीस: सासरी नांदणारी बहीण सकाळी माहेरी येते, अंगणात भाऊ तिचं स्वागत करतो. त्रेचाळीस: स्वयंपाकघरात नणंद-भावजय चहा पितात. चव्वेचाळीस: संध्याकाळी पडवीत भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो. म्हणजे वडिलांच्या जमिनीतला हिस्सा मी सोडला, असं बहिणीने लिहून द्यायचा कागद. पंचेचाळीस: रात्री फाटकापाशी निरोप. यावर सगळा सिनेमा उभा होता. आणि बहिणीचं काम करणारी आमची नायिका त्याच संध्याकाळी निघणार होती. तिच्या तारखा संपत होत्या.

डायरेक्टर समीर मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, नाहीच जमलं तर हा अख्खा भाग उडवू. पुढे कुणाच्या तरी तोंडून सांगून टाकू, की तिने सही केली."

"सांगून टाकू? मग रेडिओवरच लाव ना सिनेमा!"

किरणने हळूच उपाय काढला. "क्लॅपवर सगळीकडे बेचाळीसच लिहू. आक्कांना काय कळतंय!"

"कान बी शाबूत हायेत माजे," पायरीवरून आवाज आला.

मग मी गेले. तोऱ्यातच गेले, हे कबूल करते. मनात म्हटलं, चौसष्ट स्लाइड्सवाली बाई आहे मी, एका कुलपाला काय भ्यायचं? आक्कांच्या शेजारी पायरीवर बसले आणि सांगितलं, "आक्का, पाटीवरचे नंबर आमच्या सोयीचे असतात. गोष्टीच्या हिशोबाने हा सगळा एकच सीन आहे."

"आसं? मग सांगा बरं, सीन म्हंजे काय?"

"एक माणूस काहीतरी हवं म्हणून येतो. दुसरा आडवा येतो. आणि शेवटी ते मिळतं, नाहीतर जातं. आता आजची सकाळ घ्या. किरणला आत यायचंय. तो म्हणाला, थोडंच काम आहे. तुम्ही पायरीवर बसलात. इथं एक पलटी झाली, तिला आम्ही बीट म्हणतो. बीट म्हणजे सीनमधलं लहान वळण. एकाने रेटलं, दुसरा हलला किंवा घट्ट बसला, आणि आता दोघं आधीच्या जागी नाहीत. मग त्याने पाटीवरचा आकडा बदलायचं म्हटलं, तुम्ही ते पकडलंत. दुसरा बीट. असे बीट मिळून सीन. आणि एकाच प्रश्नावर चालणारे तीन-चार सीन मिळून सिक्वेन्स. एखाद्या लग्नातलं बघणं, बोलणी, सुपारी, तसं."

आक्कांनी चष्मा पुसला. "बरं. मग तुमची ती भन येती. पुढं?"

मी चारही सीन सांगितले. हातवारे करून, आवाज बदलून. भावजयीचं बोलणं तर मी असं रंगवून करते, की आमच्या घरच्यांनीही तीनदा ऐकलंय. नणंद-भावजय चहा पिता पिता जुन्या आठवणी काढतात, ती माझी सगळ्यात आवडती दोन पानं.

आक्का शांतपणे म्हणाल्या, "ह्यात काय झालं?"

"म्हणजे?"

"दोगी चा प्याल्या. आन? तुमीच मगाशी म्हनला ना, कोन तरी हलाय पायजे. हितं कोन हाललं?"

खरंच कोणीही हललं नव्हतं. दोन पानांत फक्त साखर विरघळली होती.

"आन ह्यो भाऊ," आक्का पुढे म्हणाल्या, "कागद करून बसलाय घरात, आन सांजपतोर वाट बघतोय व्हय? आवं, त्यो का येडा हाय? भनीचं मन दुपारपतोर फिरलं मंजी? सही घ्याची ती चा गार व्हायच्या आदी घेत्यात."

"तुम्हाला कसं माहीत?"

"म्या केली तवा कप गरमच हुता." त्यांनी गोठ्याकडे बघितलं. "मग चा बी प्याले. माह्यारचा चा, टाकावा कसा?"



मी उठले ती थेट किरणच्या खुर्चीत जाऊन बसले आणि सकाळच्याच कॉल शीटच्या, म्हणजे दिवसाच्या कामाच्या कागदाच्या, कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. स्वयंपाकघर गेलं. संध्याकाळ गेली. फाटकही गेलं. माझी आवडती दोन पानं गेली, त्यांना मनातल्या मनात दोन मिनिटं श्रद्धांजली वाहिली. उरलं फक्त अंगण. बहीण येते. भाऊ खुर्ची देतो, स्वतः उभाच राहतो. हा एक बीट. भावजय चहा आणते, ट्रेमध्ये कपाखाली कागद. दुसरा बीट. बहीण कप उचलते, कागद दिसतो, ती कप जसाच्या तसा खाली ठेवते. तिसरा. भाऊ म्हणतो, "वाच निवांत," आणि पेनचं टोपण काढूनच हातात देतो. चौथा. ती सही करते. चहाला तोंड न लावता उठते आणि चालायला लागते. माहेर संपलं. भावाला जमीन मिळाली, बहीण गेली. आता यात कोणालाच माघारी फिरता येत नाही.

नऊ पानांची साडेतीन झाली. एक जागा, एक वेळ, एकच नंबर. समीरने उभ्या उभ्या वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि म्हणाला, "ताई, हे आधी का नाही लिहिलंत?"

"आधी आक्का भेटल्या नव्हत्या," मी म्हणाले.

कॅमेरामनने अंगणावर पांढरं कापड ताणलं आणि सकाळचा उजेड दुपारपर्यंत टिकवला. जनरेटर ओढ्यापलीकडे नेला. तो आक्कांचा नव्हे, म्हशीचा आग्रह होता. पाटीवर पुन्हा बेचाळीस आलं, या वेळी खरंखुरं. आक्कांनी ते जवळ जाऊन तपासलं आणि मॉनिटरपाशी, समीरच्या खुर्चीत बसल्या. घराचं कुलूप काढलं नाही. काढायची गरजच नव्हती.

यातून मी शिकले ते असं. लोकेशनची परवानगी घेताना सीन म्हणजे काय, ते लेखी ठरवून घ्यावं. स्लाइड नंबर एकोणीस मी बदलली आहे. पलूसच्या गृहस्थांना फोन करून उत्तरही कळवलं: परतीची वाट बंद झाली की सीन संपतो. ते म्हणाले, "आता पटलं." माझ्या कपाटात दोन-चार स्मृतिचिन्हं आहेत, पाहुणे आले की मी ती मुद्दाम पुसायला काढते. पण ऐट करायची, तर मी या साडेतीन पानांचीच करते. अर्धी आक्कांची असली तरी.

आणि ती पानं चांगली उतरली आहेत, हे मला कोणा समीक्षकाने सांगितलेलं नाही. पहिल्याच टेकला कळलं. अंगणात चिडीचूप. कपातून वाफ निघतेय. नायिकेने पेन घेतलं, कागदावर टेकवलं. चाळीस माणसं श्वास रोखून उभी. आणि मॉनिटरसमोरून, साउंड रेकॉर्डिस्टच्या कानठळ्या बसतील अशा आवाजात, आक्का खुर्चीतून अर्धवट उठून ओरडल्या:

"आगं, चा तरी गार हूं दे की आदी!"