सैल गाठींचा गजरा

आज देवळाबाहेर फुलवाली पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून अबोलीचा गजरा करत होती. तिची बोटं भराभर चालत होती. मला मात्र आत्याची सावकाश चालणारी बोटं आठवली.

आत्याचा उजवा हात अर्धांगवायूने लुळा पडला तेव्हा मी चौथीत होते. डॉक्टरांनी तिला दाबायला रबरी चेंडू दिला होता. चार दिवसांत तिने तो कोपऱ्यात भिरकावला. "चेंडू दाबून कुणाचं काय भलं होणारेय? जा, परसातली अबोली काढून आण," मला म्हणाली. दोरा अंगठ्याला, फुलं लुळ्या बोटांत कशीबशी धरलेली आणि गाठ डाव्या हाताने. माझी दुपारची शाळा भरेपर्यंत जेमतेम एक गजरा व्हायचा. कुणी मदतीला हात पुढे केला की ती डोळे वटारायची.

गाठी सैल बसायच्या. शाळेच्या वाटेवर माझी फुलं गळत जायची आणि मैत्रिणी हसायच्या. एकदा मी रडतच घरी आले. आत्याने मला पाठमोरी उभी केली आणि वेणीतली फुलं मोजली. "अगं, काल सात उरली होती. आज अकरा आहेत!" तिचा तो आनंद बघून मी रडायचीच विसरले. गजरा नुसता माझ्यासाठी नव्हता, हे कळायला मला पुढे किती वर्षं लागली.

आज मी फुलवालीकडून गजरा घेऊन माळला. गाठी घट्ट होत्या. घरी पोचेपर्यंत एकही फूल पडलं नाही. तरी मी दोनदा मागे वळून पाहिलं.