तर बंद असेल तर

माझ्या धाकट्या बहिणीला प्राथमिक शिक्षिकेची नोकरी लागली ती थेट कोकणात, खाडीपलीकडच्या एका गावात. नेमणुकीच्या आदेशात रुजू होण्याची शेवटची तारीख ठळक अक्षरांत छापली होती. त्याखाली, मुदतीत रुजू न झाल्यास नेमणूक रद्द समजण्यात येईल, असंही होतं. त्या शाळेत पोचायचं कसं, याबद्दल मात्र एक ओळ नव्हती. धमकी द्यायला कागदावर जागा होती, रस्ता सांगायला नव्हती. याचा राग मला अजून येतो आणि मी तो येऊ देते.

रस्ता सांगितला तिच्या आधीच्या गुरुजींनी, मोबाइलवर. मेसेज असा होता: 'गावात यायला तर आहे. तर बंद असेल तर फिरून यावे लागते.' सोलापुरात माझ्या स्वयंपाकघरात बसून आम्ही दोघींनी तो वाचला आणि आप्पांना वाचून दाखवला. आप्पा म्हणजे आमचे वडील. मंद्रूपकडचे, जन्मभर मेंढरांमागं हिंडलेले, अक्षरओळख नसलेले. आमच्याकडं 'तर' येतो तो 'जर'च्या मागून, आणि 'तरी' असते ती मटणाच्या रश्श्यावर, लालभडक. "गुरुजी लिहिताना अडखळतात वाटतं," मी म्हणाले. बहीण म्हणाली, "आक्का, असल्यांच्या जागेवर चाललीय मी." आम्ही पोट धरून हसलो. तिकडं 'तर' म्हणजे खाडी ओलांडून नेणारी होडी, हे आमच्या गावीही नव्हतं.

वैद्यकीय दाखल्यासाठी तिला चार हेलपाटे घालायला लावले. कधी साहेब नव्हते, कधी शिक्का. त्यामुळं आम्ही निघालो तेव्हा मुदतीचे दोनच दिवस उरले होते. पहिल्या दिवशी कोल्हापूर, तिथं पाहुण्यांकडं मुक्काम. दुसऱ्या दिवशी घाट उतरून तालुक्याचं गाव आणि तिथून सहा आसनी रिक्षा. आप्पा हट्टानं बरोबर आले होते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. "पोरगी कुटं ऱ्हाणार ते मला बघू द्या की," एवढंच त्यांचं म्हणणं.

रिक्षावाल्यानं दुपारी दोनला आम्हाला धक्क्यावर उतरवलं आणि लगेच गाडी वळवली. त्याला सगळं माहीत होतं, हे नंतर कळलं. धक्क्यावरच्या शेडला कागद चिकटवला होता: 'तर बंद आहे. हुकुमावरून.' बाजूला एक होडी काठावर ओढून ठेवलेली. तो कागद वाचला आणि गुरुजी अडखळत नव्हते, हे आमच्या डोक्यात शिरलं. होडीच्या परवान्याचं नूतनीकरण कुठल्याशा टेबलावर अडकलं होतं, हेही मागाहून कळलं. फिरून जायचा रस्ता लांबून, वरच्या पुलावरून. शेडमधल्या वेळापत्रकाप्रमाणं त्या बाजूची एकुलती गाडी सकाळीच गेली होती. फोनला रेंज नाही. शाळा पाचला बंद होणार आणि हजेरीपुस्तकावर सही आजच पडायला हवी.

धक्क्यावर एक फलक होता बरं का. चांगला दारापेक्षा मोठा. नियोजित पुलाचा, हात जोडून हसणाऱ्या चेहऱ्यांचा. पूल नव्हता, चेहरे होते. या पाण्यात उतरू नका, हे सांगणारा वीतभर पत्रासुद्धा कुठं नव्हता.

आणि पाणी तर दिसतच नव्हतं. समोर ओल्या चिखलाचं रान पसरलेलं, मधे पाण्याचा एक ओघळ, पलीकडं माडांमध्ये शाळेचा झेंडा. आप्पांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"आटलंय की," ते म्हणाले. "चला."

आम्हाला हसू नका. सीना आटली की आप्पांनी तिच्या पात्रातून शेकडो मेंढरं पलीकडं नेली आहेत. आमच्याकडं गेलेलं पाणी परत यायचं म्हणजे पाऊस पडावा लागतो. शहरातल्या माझ्या घरी नळाचं पाणी एकदा गेलं की चार-पाच दिवस तोंड दाखवत नाही. गेलेलं पाणी त्याच दुपारी परत येतं, हे आमच्या तीन पिढ्यांत कुणी पाहिलं नाही. मी शिकलेली, भरती-ओहोटी शाळेत घोकलेली, त्यावर मार्कही मिळवलेले. पण समोर कोरडं दिसल्यावर मलाही आप्पांचंच खरं वाटलं. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त राग कुणाचा आला असेल तर तो माझाच.

बहीण पुढं, कागदपत्रांची फाइल छातीशी धरून. मधे मी. मागं आप्पा, वहाणा हातात घेऊन. सुरुवातीला वाळू होती, मग घोट्याएवढा चिखल. अर्ध्यावर गेलो आणि बहिणीचा पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला तिनं दुसरा दाबला, तो मांडीपर्यंत. तिनं फाइल डोक्यावर धरली. मला आधी वाटलं, ती हसतेय.

मी तिच्याकडं धावले आणि मीही रुतले. तेवढ्यात मागून आप्पांचा आवाज आला, अगदी हळू. "पाणी मागनं यायलंय."

समुद्र आमच्या डावीकडं होता, म्हणून आम्ही डावीकडं बघत होतो. पाणी आलं ते मागून, आम्ही सहज ओलांडून आलेल्या चरांमधून, गुपचूप. धक्क्याकडं परतायची वाट पाण्याखाली गेली होती. बहीण कमरेखाली दिसत नव्हती. तिचं वय तेवीस. नोकरी आज जाते की उद्या, हा प्रश्न माझ्या मनातून पुसून गेला. ही पोरगी इथून बाहेर निघेल का, एवढंच उरलं.

"खंय चललात? हलू नकात!"

बाजूला काळ्या खडकांची एक ओळ होती. तिच्यावर कालवं काढणारी एक बाई उभी होती, हातात कोयती. शब्द पुरते कळले नाहीत, आवाज कळला. ती दोन्ही हात आडवे करून सांगत होती: आडवे पडा. आप्पांनी मेंढरं गाळात रुतलेली काढली होती, त्यांना ते आमच्याआधी कळलं. त्यांनी खांद्यावरची घोंगडी चिखलावर अंथरली, तिच्यावर पालथे पडले आणि काठी पुढं केली. मी पोटावर सरकत घोंगडीवर आले. मग आम्ही दोघांनी बहिणीला इंच इंच ओढलं. ती फाइल सोडेना. "सोड ती," मी ओरडले. "न्हाय सोडणार," ती म्हणाली. तसंच ओढलं तिला, फाइलसकट. मग सरपटत त्या खडकांपर्यंत. घोंगडी तिथंच राहिली. आम्ही वळून पाहिलं तेव्हा तिच्यावरून पाणी चाललं होतं.

बाईनं आम्हाला खडकांवरून धक्क्यावर आणलं. वाटभर ती रागानं बोलत होती, आम्हाला शिव्याच देत असणार. मला त्या गोड लागल्या. तासाभरात खाडी काठोकाठ भरली. आम्ही ज्या जागी लोळलो होतो तिथं आता उभा बांबू बुडाला असता. बाईच्या दिरानं त्याच्या मासेमारीच्या होडीतून आम्हाला पलीकडं सोडलं. आप्पा होडीच्या मधोमध डोळे मिटून बसले होते.

पाचला दहा मिनिटं कमी असताना आम्ही शाळेत पोचलो, तिघंही गळ्यापर्यंत चिखलानं माखलेले. मुख्याध्यापकांनी आमच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "तर बंद असते, हे गुरुजींनी कळवलं होतं ना?" मग हजेरीपुस्तक पुढं सरकवलं. बहिणीनं हात पुसून सही केली. ते सहज म्हणाले, "दर साल कोणीतरी अडकतंच."

"मग पाटी का लावत नाही?" मी विचारलं.

"पत्र वर गेलंय."

दर साल कोणीतरी अडकतं आणि पत्र वर गेलंय. हे सांगताना त्यांचा आवाज जराही बदलला नाही, शाळेची वेळ सांगावी तसा. मी तिथं काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बहिणीनं माझा हात दाबून धरला, कारण तिला दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याच हाताखाली काम करायचं होतं.

पहिल्याच रविवारी तिनं शाळेतला ऑइलपेंट घेतला आणि पुलाच्या त्या फलकाच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं. महिन्याभरात तिला नोटीस आली. शासकीय फलक विनापरवाना विद्रूप केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा. माणसं बुडत होती तेव्हा ज्यांच्याकडं पत्र सालोसाल वर जात राहिलं, त्यांची नोटीस महिन्यात खाली आली. रागाच्या भरात मी फोनवरूनच तिला चार पानी खुलासा सांगायला बसले.

आप्पा समोरच होते. त्यांनी मला थांबवलं. "फळ्यावर लिवलंय काय तिनं? वाच की."

मी फोनमधला फोटो वाचून दाखवला. 'पाणी आटलेले नाही. ते परत येते. तर म्हणजे होडी. तर बंद असेल तर इथेच थांबा.'

आप्पांनी ऐकलं. त्या दुपारनंतर खाडीचं नाव त्यांनी काढलं नव्हतं. म्हणाले, "ब्येस लिवलंय. पर त्या दिवशी चला म्हनलो मी. मला कुटं वाचाय येतंय?"

माझा चार पानी खुलासा तिथंच थांबला. बहिणीनं फोनवर ते ऐकलं होतं.

पुढच्या रविवारी तिनं त्या अक्षरांच्या वरच्या मोकळ्या जागेत चित्र काढलं. चिखलात कमरेपर्यंत बुडालेला म्हातारा, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. दुसरी नोटीसही आली. तिनं ती पहिलीच्या खाली ठेवून दिली.