मार्नाच्या नावावर लागलेली पैज

आमच्या हॅलव्हिकला पैजेचं भारी वेड. हिवाळ्यात तळं गोठलं की कुणाची तरी भंगार मोटार बर्फावर नेऊन ठेवायची आणि ती कधी बुडते यावर अख्ख्या गावानं पैज लावायची. बर्निसच्या कॉफीच्या दुकानात गल्ल्यामागे चौकटी आखलेला पुठ्ठा टांगलेला असे. ज्याला जो दिवस पटेल त्या चौकटीत त्यानं नाव लिहायचं, आणि जिंकणाऱ्याला बर्निस डुकराची खारवलेली अख्खी मांडी द्यायची. पण मोटार एकदा बुडाली की पुढचं वर्षभर करायचं काय? रिकामटेकड्या माणसांना खेळणं लागतंच. त्या साली त्यांना मार्ना टुफ्टे सापडली.

मार्ना म्हणजे धान्याच्या कोठारावरच्या लायल टुफ्टेची एकुलती एक पोर. आई ती शाळेत असतानाच गेली. गावाजवळच्या दोन वर्षांच्या कॉलेजात मार्नानं आधी नर्सिंग घेतलं, तिथं रक्त बघून धाडकन पडली. मग हिशेब शिकायला गेली, मग हॉटेलचं काम, मग रेडिओ दुरुस्ती. एकातही जीव रमेना. बरं, ढ म्हणावं तर तशीही नव्हती, सगळीकडे मार्क चांगले. लायल रोज सकाळी दुकानात सगळ्यांदेखत विचारायचा, "काय गं, आज कोण आहेस तू? डॉक्टर की सुतार?" आणि टेबलंच्या टेबलं खिदळायची. मार्नाही हसायची. न हसून करते काय!

दोन वर्षं संपली आणि तिनं मोठ्या शहरातल्या विद्यापीठात अर्ज केला. विषय ठरलेला नसतानाही त्यांनी घेतलं, पण एका अटीवर. दुसरीकडे दोन वर्षं घालवून आलेल्यानं नोव्हेंबर संपायच्या आत मुख्य विषय सांगायचा, नाहीतर जागा सोडायची. लायलनं तिला बसपर्यंत सोडलं. "सगळं सामान कशाला नेतेस?" एवढंच म्हणाला. बस वळणाआड गेली न गेली तोच बर्निसनं पुठ्ठा उलटा केला आणि वर मार्नाचं नाव लिहिलं.

तिकडे पहिला महिना मार्नाचा फार वाईट गेला. भेटेल तो नावाआधी विषय विचारायचा, आणि हिनं "अजून ठरलं नाही" म्हटलं की तोंड फिरवायचा. वसतिगृहातल्या पोरी तिला म्हातारी म्हणायच्या. सोमवारी सकाळी दुसऱ्या कुठल्याच वर्गात जागा नव्हती म्हणून ती मातीच्या वर्गात जाऊन बसली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी मास्तरांनी सगळ्यांना शेतात नेऊन माणूसभर खोल खड्डा खणायला लावला. मार्ना आत उतरली आणि बघतच राहिली. वर काळी, मग करडी, खाली पिवळट, आणि तळाशी कधीकाळच्या तळ्याचा चिकट गाळ. बाकीचे हात धुऊन बसमध्ये बसले तरी ही आपली आतच, बोटांनी एकेक थर चोळून बघत. मास्तरांनी दोनदा हाक मारली तेव्हा कुठे वर आली.

तिला कळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी कळलं होतं, आणि ते बाबांना कधी एकदा सांगते असं तिला झालं. त्याच दुपारी विषय सांगायला कचेरीत जायचं होतं, पण त्याआधी तिनं बर्निसच्या दुकानात फोन लावला. त्या वेळी लायल तिथंच असायचा.

"बाबा, माझं ठरलं!"

"ठरलं म्हणते!" लायल टेबलांकडे वळून ओरडला. दुकान एकदम चिडीचूप झालं. "बोल, काय ठरलं?"

"माती. मी मातीचं शास्त्र शिकणार आहे."

"माती!" लायलनं जाहीर केलं, आणि हशाचा असा फवारा उडाला की मार्नानं रिसीव्हर कानापासून लांब धरला. कुणीतरी म्हणालं, "अरे, मग इथं काय कमी होती?" बर्निसचा आवाज आला, "थांबा रे, बघू द्या. नर्स आहे, मास्तरीण आहे, वकील आहे. माती कुणाचीच नाही!"

"बाबा, काय चाललंय तिथं?"

"काही नाही गं, गंमत. पैज लावलीये तुझ्यावर. सगळ्यांनी लावलीये."

"तुम्ही पण?"

"हो, मग!"

"कशावर लावलीत?"

लायलनं सांगायच्या आत मागून बर्निसच ओरडली, "नाताळच्या आत परत येणार, असं लावलंय तुझ्या बापानं!"

लायल समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगं, मनाला लावून घेऊ नकोस. बाकीच्यांना तू काय ठाऊक? मी तुला जन्मापासून बघतोय."

यात कुठे रागबिग नव्हता हो! रागावला असता तर ती भांडली असती, चिडून का होईना, टिकली असती. लायल हे प्रेमानं बोलला, आणि पोरीचा जो काही धीर होता तो तिथंच मोडला.

दुपारी ती कचेरीत गेली. टेबलामागच्या बाई चांगल्या होत्या. खुर्ची दिली, पाणी दिलं. "ठरलं ना? मातीचे मास्तर तर तुमचं फार कौतुक करत होते."

मार्नाला तोंड उघडून एकच शब्द सांगायचा होता. तो जिभेवर आला आणि दुकानातला तो हशा तिच्या कानात जसाच्या तसा घुमला. ती म्हणाली, "नाही. अजून नाही ठरलं."

"आजचा शेवटचा दिवस आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

नाताळच्या आधी ती घरी आली. बर्निसनं टाळ्या वाजवून लायलला मांडी दिली, त्यानं ती दुकानातच कापून सगळ्यांना वाटली. त्याच आठवड्यात मार्ना दुकानात कामाला लागली. आज पन्नाशीला आली तरी तिथंच आहे. कॉफी चांगली करते.

मांडी वाटली त्या दिवशी सगळे जेवून गेल्यावर लायल एकटाच मागे राहिला होता. ती टेबल पुसत होती. तो म्हणाला, "मार्ना, तुला काय वाटतं? मी जिंकलो म्हणून मला आनंद झाला?"

"हो," ती म्हणाली. "झाला."

लायलनं जरा विचार केला. माणूस तसा सरळ. त्यानं मान डोलावली.